पहिल्या इंग्लिश लीगचा तक्ता (१८८८-८९) : तळाला स्टोक की नॉट्स कौंटी?

गंगापूररोड_हाफबॅक (नाशिक)
आमच्या कॉलनीत नोव्हेंबरपासून १४ वर्षांखालच्या मुलांची १२ संघांची लीग आहे. मैदानाच्या कुंपणाला फ्लेक्स लावायचाय : इंग्लंडच्या पहिल्या फुटबॉल लीगचा अंतिम गुणतक्ता, कारण तिथेही संघ बाराच होते. विजयाला २, बरोबरीला १ गुण धरून एक्सेलमध्ये मांडला. वरचे दहा क्रमांक छापील तक्त्याशी जुळतात. तळाला मात्र माझ्याकडे नॉट्स कौंटी शेवटी येते, छापील तक्त्यात स्टोक शेवटी आहे. दोघांचे गुण १२. आकडे तीनदा तपासले. चूक कुठे आहे?

जुनालीग_अभ्यासक
आकडे बरोबर आहेत, सूत्र आजचं आहे. तुम्ही समान गुणांना गोलफरक लावलाय, म्हणजे केलेल्यातून खाल्लेले (प्रतिस्पर्ध्याने आपल्यावर केलेले) वजा. तेव्हा गोल सरासरी चालायची : केलेले भागिले खाल्लेले. इंग्लंडच्या लीगमध्ये गोलफरक १९७६-७७ पासून आला.

नॉट्स कौंटी ४० केले, ७३ खाल्ले. फरक उणे ३३, सरासरी ०.५४८.
स्टोक २६ केले, ५१ खाल्ले. फरक उणे २५, सरासरी ०.५१०.

वजाबाकीत स्टोक वर, भागाकारात नॉट्स वर. म्हणून क्रमांक उलटतो. दोन संघ ११ आणि १२ साठी इतके चिकटून होते की स्टोकने हंगामात फक्त दोन गोल जास्त केले असते तर २८ भागिले ५१ म्हणजे ०.५४९ झाले असते आणि ते वर गेले असते. तेच काम बचावाने करायचं तर गोल चार कमी खावे लागले असते (२६ भागिले ४७). भागाकाराचा स्वभाव असा की खाल्लेल्यापेक्षा कमी गोल करणाऱ्या संघाला एकेक केलेला गोल फार मोलाचा ठरतो.

रकान्यात तीन दशांश ठेवा. दोनच ठेवलेत तर ०.५४८ आणि ०.५४९ असे चिकटलेले आकडे आले की दोन्ही ०.५५ दिसतात आणि वाचणाऱ्याला वाटतं बरोबरी झाली.

आकडेमोड_सातपूर
छापायला देण्याआधी चार बेरजा करून घ्या, प्रिंटवाल्याकडे आकडा इकडचा तिकडे झाला तरी लगेच कळतं. १२ संघ, प्रत्येकाशी दोनदा, म्हणजे १३२ सामने. सगळ्यांच्या गुणांची बेरीज २६४ यायलाच हवी. विजय ११०, पराभव ११०. बरोबरीच्या रकान्याची बेरीज ४४, कारण २२ सामन्यांची नोंद दोन्ही संघांकडे होते. केलेले गोल ५८६, खाल्लेले ५८६. एक जरी जुळली नाही तर फ्लेक्स छापू नका.

गुण क्रमाने : प्रेस्टन नॉर्थ एंड ४०, अ‍ॅस्टन व्हिला २९, वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्स २८, ब्लॅकबर्न रोव्हर्स २६, बोल्टन वाँडरर्स २२, वेस्ट ब्रॉमविच अल्बियन २२, अ‍ॅक्रिंग्टन २०, एव्हर्टन २०, बर्न्ली १७, डर्बी कौंटी १६, नॉट्स कौंटी १२, स्टोक १२.

आणि कोणी म्हणालं की आजच्यासारखे विजयाला ३ गुण धरू, तर ऐकू नका. अ‍ॅक्रिंग्टनने ६ जिंकले, ८ बरोबरीत सोडवले. एव्हर्टनने ९ जिंकले, २ बरोबरीत. तीन गुणांच्या हिशेबात एव्हर्टन २९ आणि अ‍ॅक्रिंग्टन २६ होतं, म्हणजे सातवा-आठवा क्रमांक पालटतो.

जुनालीग_अभ्यासक
त्यात आणखी एक भर. हंगाम ८ सप्टेंबर १८८८ ला सुरू झाला, पण २ आणि १ गुणांचा नियम ठरला नोव्हेंबरात. मधले अडीच महिने कोण किती पुढे हे मोजायची ठरलेली रीतच नव्हती. 'पहिल्या आठवड्यानंतरचा तक्ता' म्हणून जे फिरतं ते मागाहून मांडलेलं आहे. फ्लेक्सवर अंतिम तक्ताच ठेवा.

प्रेस्टनची ओळ मात्र मोठ्या अक्षरात हवी : २२ सामने, १८ विजय, ४ बरोबरी, पराभव शून्य, ७४ गोल केले, १५ खाल्ले. घरच्या मैदानावर ३९-७, बाहेर ३५-८. प्रवास करून परक्या मैदानावर ११ सामन्यांत फक्त ८ गोल खाणं, हे मला त्या हंगामातलं सर्वांत भारी वाटतं. शिवाय त्याच हंगामात एफए कप (इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा) जिंकला, तोही स्पर्धेत एकही गोल न खाता. अंतिम सामन्यात वुल्व्हरहॅम्प्टनवर ३-०.

गंगापूररोड_हाफबॅक
मनापासून आभार. सरासरी लावल्यावर जुळलं. आता वाटतंय, आमच्या लीगलाही हीच पद्धत ठेवावी. दोन फेऱ्या आणि गोल सरासरी. मैदान एकच आहे, खेळायला फक्त रविवार.

आकडेमोड_सातपूर
फेरी एकच ठेवा भाऊ. ६६ सामने, रविवारी ६ घेतले तर ११ रविवार. २५-२५ मिनिटांचे दोन डाव, मध्ये ५, पुढच्या संघांना १० मिनिटं : सामन्यामागे ६५ मिनिटं. सकाळी सातला सुरू केलं तर दीडच्या आत आटपतं आणि जानेवारीत लीग संपते. दोन फेऱ्यांना २२ रविवार लागतील, मार्चअखेरच्या उन्हात दुपारी बारानंतर मुलांना पळवावं लागेल.

वेळापत्रक असं करा : १ ते १२ आकडे सहा-सहाच्या दोन ओळींत गोल फिरवून लिहा, समोरासमोरचे खेळतील. पुढच्या रविवारी १ नंबर जागेवर ठेवून बाकी ११ एकेक घर सरकवा. चूक हमखास इथेच होते, घाईत १ नंबरही सरकतो आणि मग त्याच जोड्या पुन्हा येतात. सकाळी सातच्या सामन्याचे संघही दर रविवारी बदलते ठेवा. डिसेंबरात तेव्हा गवतावर दव असतं, चेंडू ओला होऊन जड होतो, तो त्रास एकाच संघाच्या वाट्याला नको.

गोल सरासरी मात्र तुमच्याकडे नको. पहिल्या दोन रविवारी एखादा संघ एकही गोल न खाता राहिला की शून्याने भागाकार, एक्सेल तिथेच अडतं. आधी आपापसातला सामना बघा, मग गोलफरक, आणि एका सामन्यात पाचपेक्षा जास्त फरक मोजू नका, म्हणजे दुबळ्या संघाला कोणी पंधरा-पंधरा गोल मारत बसणार नाही.

लेफ्टविंग_पंचवटी
फ्लेक्सच्या चित्राबद्दल, कारण डिझाइनवाला इंटरनेटवरून आजचे लोगो उचलतो. अ‍ॅक्रिंग्टनसमोर अ‍ॅक्रिंग्टन स्टॅन्लीचा लोगो लावू नका, तो वेगळा क्लब आहे. मूळ अ‍ॅक्रिंग्टन १८९३ ला लीगमधून बाहेर पडला. स्टोकपुढे 'सिटी' लिहू नका, ते नाव १९२५ नंतरचं. गोलपोस्ट काढलात तर आडवा दांडा असू द्या, जाळी नको, ती १८९१ ला आली. पेनल्टीही १८९१ चीच, म्हणून चित्रात पेनल्टीचा ठिपका नको. आणि मैदानांची नावं देणार असाल तर एव्हर्टनसमोर अ‍ॅनफिल्ड लिहा. ते १८९२ पर्यंत तिथेच खेळायचे, लिव्हरपूल क्लब तेव्हा जन्मालाही आला नव्हता. कोणीतरी येऊन 'हे चुकलंय' म्हणेलच, म्हणून त्या ओळीखाली साल बारीक अक्षरात टाका.