सोलापुरात रोजच्या वापराला सिंगल स्पीड की फिक्स्ड गिअर? सल्ला हवा

शुभदा_जुळेसोलापूर
नमस्कार. गेल्या महिन्यात पुण्यात मावसभावाची फिक्स्ड गिअर सायकल अर्धा तास चालवली आणि तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही. पाय थांबवायला गेलं की सायकलच पाय पुढे ढकलते. पाय जरा रोखून धरला की वेग आपोआप उतरतो. फ्रीव्हीलची (पाय थांबले तरी चाक फिरू देणाऱ्या चक्रीची) टिकटिक नाही, गिअरची खरखर नाही, नुसता टायरचा आवाज. लहानपणी सायकल शिकताना जे वाटलं होतं ते पुन्हा वाटलं.
माझी गरज: रोज जुळे सोलापूर ते नवी पेठ, जाऊन येऊन साधारण १२ किमी. रविवारी कंबर तलाव, कधी होटगी रोडने लांब. उंची ५ फूट ३ इंच. बजेट १२,०००, फार तर १३. साधी सिंगल स्पीड, म्हणजे एकच गिअर पण पाय थांबवता येणारी, घ्यावी की थेट फिक्स्ड? पुढे-मागे दाते किती ठेवावेत? तयार मिळाली नाही तर जुन्या सायकलीतच बदल करून घेता येईल का? कृपया गिअरची सुचवू नका. चार वर्षं वापरली, आता नको आहे.

पायडल_पंढरी
ताई, तरीही सांगतो, गिअरचीच घ्या. माझी हायब्रिड ४२ हजारांची आहे, पुढे २ मागे ८, डिस्क ब्रेक. गेल्या नवरात्रात तुळजापूरला गेलो, घाटात एकदाही उतरलो नाही. बरोबरचे तिघे ढकलत आले. १२ हजारांत चांगली सायकल येत नाही, थोडं थांबा आणि पैसे साठवा.

कडकभाकरी
तुळजापूरला कोण चाललंय ओ? ताई नवी पेठेत जाणार म्हणताहेत. मी स्वतः दहा वर्षं साधी बिनगिअरची चालवूलालोय, अशोक चौक ते एमआयडीसी. आपलं गाव सपाट. रेल्वेपुलाचा चढ सोडला तर गिअर टाकायला जागाच नाही. फक्त ते पाय न थांबणारं प्रकरण घेऊ नका. मधल्या रस्त्याला रिक्षा कुठनं आडवी येईल सांगता येत नाही.

मिलकामगाराचा_मुलगा
नवीन काही घेऊच नका. जुनी २२ इंची अ‍ॅटलस किंवा हीरो शोधा. आमचे वडील मिलमध्ये होते. तिन्ही पाळ्यांना त्याच एका सायकलवर गेले, २७ वर्षं. पुढे ४४ दाते, मागे १८, आजच्या पोरांना जे शोधून शोधून सापडतं ते त्या सायकलीला कारखान्यातूनच यायचं.
महिन्यातून एका रविवारी ते सायकल अंगणात उलटी करून ठेवायचे. पुढचं चाक सोडायचं, कोन (छर्रे दाबून धरणारा एक्सलवरचा नट) उघडायचा, छर्रे वाटीतल्या घासलेटमध्ये टाकायचे. मी धोतराच्या चिंधीने एकेक छर्रा पुसून द्यायचो. एकाला खड्डा पडलेला दिसला तरी सगळे बदलायचे, कारण एक खराब छर्रा बाकीच्यांना खातो. मग ग्रीस, मग कोन आवळायचा, तोही इतकाच की चाक हाताने सोडलं तर व्हॉल्व्हच्या वजनाने आपोआप खाली येऊन थांबलं पाहिजे. ही परीक्षा मी अजूनही करतो.
अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० मध्ये ३ जूनला बंद पडला, त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता. मला ते अजून बोचतं. पण जुन्या सायकली बाजारात आहेत. माझी मी ३,२०० ला घेतली, वर १,१०० खर्च केले.

सात_रस्ता_स्प्रिंट
माझा अनुभव वाचून मगच ठरवा. मला फिक्स्ड हवी होती, सुटे भाग इथे मिळत नव्हते. एका दुकानात साध्या फ्रीव्हीलला वेल्डिंग मारून दिलं, ‘झाली तुमची फिक्स’ म्हणाले. दिसायला छान, म्हणून मागचा ब्रेकही काढला. आठवडाभर मस्त चालली. आठव्या दिवशी पार्क चौकाकडे येताना सिग्नल पडला, मी पाय मागे रोखले आणि पायांखालचं वजन एकदम गेलं. पायडल मागे फिरतंय आणि सायकल पुढे चाललीय. फ्रीव्हील हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, फक्त आट्यांनी बसतं, पुढे ताकद लावली की आवळतं, मागे लावली की सुटतं. माझं सुटलं. डिव्हायडरला पुढचं चाक लागलं, मनगटाचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर.
वेल्डिंगची फिक्स्ड कोणी फुकट दिली तरी घेऊ नका.

पायडल_पंढरी
हेच मी म्हणत होतो. गिअर ही प्रगती आहे. ती सोडून मागे कशाला जायचं?

आटे_आणि_दाते
सात_रस्ता, तुमचं वाचून वाईट वाटलं, पण दोष फिक्स्डचा नाही, हबचा आहे. खऱ्या ट्रॅक हबला दोन पायऱ्यांचे आटे असतात. आतल्यावर दात्यांची चक्री बसते, बाहेरच्यावर लॉकरिंग, म्हणजे चक्रीला सुटू न देणारी रिंग, आणि लॉकरिंगचे आटे उलटे असतात. पाय मागे रोखले की चक्री सुटायला बघते, तेव्हा ती लॉकरिंगला आणखी आवळते. वेल्डिंगमध्ये ही लॉकरिंगच नव्हती.
शुभदाताई, तुम्हाला ‘फ्लिप-फ्लॉप’ हब हवा. एका बाजूला फिक्स्डची चक्री, दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील. चाक काढून उलटं बसवलं की सायकल बदलली. पायडल_पंढरी, तुमच्या प्रगतीबद्दल: टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत १९०३ ला सुरू झाली आणि तिथे डिरेलर (चालता चालता चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणारा गिअर) चालायला १९३७ उजाडलं. तोवर घाटाच्या पायथ्याशी उतरून मागचं चाक उलटं करायचं, म्हणजे दुसऱ्या बाजूचे जास्त दाते चेनला लागायचे, आणि वर पोचल्यावर पुन्हा उलटं. आल्प्स असेच चढले आहेत ते.
जुनी फ्रेम बघताना एकच गोष्ट तपासा. मागच्या चाकाचा एक्सल ज्या खाचेत बसतो ती खाच आडवी किंवा तिरपी लांब हवी, म्हणजे चाक मागे ओढून चेन ताणता येते. खाच सरळ उभी असेल तर चेन ताणायला वेगळा पुली-स्प्रिंगचा तुकडा लावावा लागतो आणि फिक्स्डला तो चालतच नाही. पाय मागे रोखला की चेनची खालची बाजू ताणली जाते, तो तुकडा वाकतो किंवा तुटतो. नवीन गिअरच्या सायकलींना बहुतेक उभीच खाच असते. म्हणून जुनी स्टीलची फ्रेम शोधा.
दात्यांचा हिशोब: ४४/१८ ला पायडलचा एक फेरा म्हणजे जवळपास ५.१ मीटर. मिनिटाला ८० फेरे मारले तर ताशी साडेचोवीस किलोमीटर. आपल्या रस्त्यांना पुरे. ४६/१६ ला फेऱ्याला ६ मीटर पडतात, सपाटीला मजा येते, पण विजापूर रोडला समोरून वारं लागलं की मांड्या भरून येतात.
सुरुवातीचे दोन-तीन महिने फ्रीव्हीलची बाजू वापरा. आणि दोन्ही ब्रेक ठेवा, हे बदलायचं नाही.

गुडघे_सांभाळा
४४/१८ ला माझंही अनुमोदन. मी हौसेने ४८/१६ लावलं होतं. उजवा गुडघा तीन महिने दुखला, जिना उतरताना कठडा धरावा लागायचा. शिवाय एक वेगळीच गोष्ट कळली. मागचा टायर एकाच ठिकाणी झिजून दोन महिन्यांत आतले धागे दिसायला लागले. ४८ भागिले १६ म्हणजे पूर्ण ३, पायडलच्या एका फेऱ्याला चाकाचे बरोबर तीन फेरे. त्यामुळे पाय रोखून चाक घसरवायचं म्हटलं की दरवेळी टायरची तीच जागा रस्त्याला लागते. ४४/१८ चा संक्षेप २२/९ होतो, म्हणजे झीज नऊ जागी वाटली जाते. दाते घ्यायच्या आधी हा भागाकार करून बघा.

कडकभाकरी
भागाकार करा नाहीतर गुणाकार करा, टायर आपल्याकडे झीज होऊन जात नाही, सराट्याने जातो. होटगी रोडला कडेने उतरलं की टायर सराट्याने भरतो. बाभळीचा काटा तर ट्यूबच्या दोन्ही बाजूंनी आरपार जातो. बारीक टायर घेऊच नका. २८ मिमी रुंदीच्या खाली गेलात की आठवड्याला पंक्चर.

पायडल_पंढरी
ट्यूबमध्ये सीलंट भरा. दीड वर्षात मला एकच पंक्चर.

मिलकामगाराचा_मुलगा
ते सीलंट व्हॉल्व्हमध्ये वाळतं आणि मग हवाच जात नाही. सोल्युशन, पॅच, तीन प्लेन पाने एवढं जवळ ठेवा आणि स्वतः काढायला शिका. सराटा दिसला की लगेच उपटू नका. आधी टायरवर खडूने खूण करा, नाहीतर भोक शोधत बसाल.

कडकभाकरी
खडू खिशात घेऊन कोण फिरतं काका? थुंकी लावून बघतो की आम्ही.

नंदा_विजापूररोड
मी बाई आहे आणि मी फिक्स्ड चालवते, म्हणून सांगते. वर कोणी हे लिहिलंच नाही. ओढणी. साध्या सायकलीत ओढणी किंवा सलवारची कड चेनमध्ये गेली तर पाय थांबवला की चेन थांबते. फिक्स्डमध्ये थांबत नाही. चाक फिरतंय तोवर चेन ओढतच राहते. मी फॅक्टरीतून घरी येताना एकदा असंच झालं. गळ्याची गाठ सैल होती म्हणून ओढणी सुटून गेली. चेनमधून काढली तेव्हा काळी पडून चिंध्या झाल्या होत्या.
आता ओढणी कमरेला गाठ मारून, नाहीतर पिशवीत. उजव्या पायाच्या सलवारला रुंद इलॅस्टिक. आणि शक्य असेल तर चेनकव्हर बसवा, छान दिसत नसलं तरी. चेन पुसताना चाक फिरवत बोट जवळ नेऊ नका, तुकडा पडतो बोटाचा.
बाकी, घ्या नक्की. कामाची पाळी संपवून थकून निघते, पण पहिल्या दोन किलोमीटरला पाय लयीत आले की डोकं शांत होतं. दुसऱ्या कुठल्या सायकलीवर मला ते मिळालं नाही.

सात_रस्ता_स्प्रिंट
नंदाताईंनी लिहिलं ते खरं आहे. हाड मोडूनही मला तीच सायकल आठवते. आपल्या ज्युनिअर मुलांनी २०१९ ला जर्मनीत ट्रॅक सायकलिंगच्या टीम स्प्रिंटचं जागतिक सुवर्णपदक जिंकलं तेव्हा मी ती शर्यत पुन्हा पुन्हा पाहिली. ट्रॅकवर सगळ्या फिक्स्डच, एकालाही ब्रेक नाही. पण ते ट्रॅकवर. तिथे रिक्षा नसते.

पायडल_पंढरी
माझा सल्ला कायम आहे. निदान ७ गिअरची बघा. माझ्या ओळखीचे एक जण २६ हजारांना देताहेत, दोनच वर्षं वापरलीय.

शुभदा_जुळेसोलापूर
सगळ्यांचे मनापासून आभार. नंदाताई, ओढणीचं माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मिलकामगाराचा_मुलगा काका, तुमची अ‍ॅटलस बघायला आवडेल, पण तसल्या दोन-तीन चालवून पाहिल्या, मला उंच पडतात आणि जड आहेत. पायडल_पंढरी, बजेट १३ च्या वर जाणार नाही.

शुभदा_जुळेसोलापूर
पाच आठवड्यांनी कळवते आहे. सायकल झाली.
जुनी स्टीलची रेसर फ्रेम मिळाली, २,८०० ला. हिरवा रंग, दांडीवर गंजाचे दोन ठिपके. एक्सलची खाच आडवी, मोजपट्टी लावून बघितली. फ्लिप-फ्लॉप हब पुण्याहून मागवला. चाक बांधायला पूर्व भागातले एक अण्णा मिळाले. रिम दोन बोटांत धरून तारा एकेक करून आवळत गेले, आउट, म्हणजे चाकाची डुगडुग, काढताना तारेला नखाने टिचकी मारून आवाज ऐकत होते. सगळ्या तारा एका सुरात लागल्या तेव्हा म्हणाले, ‘घेऊन जा.’ पुढे ४६, मागे १८, टायर ३२ चे, दोन्ही ब्रेक, अर्धं चेनकव्हर. सगळं मिळून १२,७००.
आटे_आणि_दाते, तुम्ही सांगितलंत आधी फ्रीव्हील वापरा. मी फिक्स्डच लावली, पहिल्या दिवसापासून. मला माहीत होतं, फ्रीव्हील लावलं तर ती बाजू मी कधी उलटवणार नाही. पहाटे साडेपाचला विजापूर रोडने कंबर तलावाकडे निघाले. स्पीडब्रेकरला सवयीने पाय थांबवायला गेले तेव्हा पायडलने मला सीटवरून उचललं. ब्रेक होते म्हणून सावरले. तिसऱ्या दिवशी पाय थांबवायचा विचारही येईनासा झाला. आता तलावाच्या वळणावर वेग पायांनीच उतरवते, ब्रेकला बोट नुसतं टेकलेलं असतं. पाण्यावरचे पक्षी सायकलच्या आवाजाने उडत नाहीत, कारण आवाजच नसतो.

गुडघे_सांभाळा
४६/१८ म्हणजे २३/९. नऊ जागा. छान.

कडकभाकरी
टायर ३२ चे घेतले, माझं एक तरी ऐकलंत. फोटो टाका की ओ.

मिलकामगाराचा_मुलगा
चाक सोडल्यावर व्हॉल्व्ह खाली येतो का बघा आणि कळवा.

आटे_आणि_दाते
मी दोन-तीन महिने सांगितले होते, तुम्ही तीन दिवसांत केलंत. आता एक काम राहिलंय. नवीन चक्री पहिल्या ५०-६० किलोमीटरला, चढाला जोर लावला की, आट्यांवर आणखी आवळत जाते आणि तिच्यात व लॉकरिंगमध्ये फट राहते. या रविवारी अण्णांकडे जाऊन आधी चक्री चेनच्या पान्याने आवळून घ्या, मग लॉकरिंग. लॉकरिंगचे आटे उलटे आहेत, तेव्हा ती डावीकडे फिरवून आवळायची. आणि चेन मधोमध अर्धा इंच वर-खाली हलली पाहिजे, त्याहून ताणू नका.

शुभदा_जुळेसोलापूर
काका, व्हॉल्व्ह खाली येतो. थोडं मागे-पुढे हेलकावतो आणि थांबतो. फट खरंच आहे, नखाची कड आत जाते. रविवारी जाते अण्णांकडे.