डिझायनरची फी की प्लायवुडचे कमिशन?

गुण्या (पुणे): नव्या इंटिरिअर डिझायनरांनी पहिली दोन-तीन वर्षे फी मागू नये, आराखडे फुकट द्यावेत आणि प्लाय-हार्डवेअरच्या दुकानांतून मिळणाऱ्या कमिशनवर कार्यालय चालवावे, असा सल्ला काल येथे एका सदस्याने दिला. तो मला घातक वाटतो. २०१४ साली कोथरूडमध्ये एका निवृत्त शिक्षकांच्या सदनिकेचे काम मी असेच फुकट आराखडे देऊन केले. १८ मिलिमीटरच्या ४० शीट लागल्या, म्हणजे १,२८० चौरस फूट. दुकानदाराने माझे कमिशन धरून चौरस फुटाला ११० रुपये भाव लावला. शेवटी देव्हाऱ्यासाठी एक शीट कमी पडली, ती गुरुजी स्वतः जाऊन घेऊन आले, आणि त्यांना भाव लागला ९८. त्यांनी मला काही विचारले नाही. जुन्या बिलाच्या पाठीवर पेन्सिलीने १२ गुणिले १,२८० असे मांडून १५,३६० हा आकडा काढला आणि तो कागद माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवला. तेवढेच पैसे फी म्हणून मागितले असते, तर मान खाली घालावी लागली नसती.

डोंबिवलीकर: कोथरूडमध्ये बसून फीचे धडे देणे सोपे आहे. आमच्याकडे वन बीएचकेचा ग्राहक तिघांकडून आराखडे मागवतो आणि आवडेल तो सुताराच्या हाती देतो. एका गृहस्थांना मी २५,००० रुपये फी सांगितली. जीएसटीचे १८ टक्के ऐकून ते उठलेच, पण त्याआधी त्यांनी आराखड्याचा फोटो काढून घेतला होता. चार महिन्यांनी त्याच मजल्यावर दुसऱ्या कामाला गेलो, तेव्हा त्यांच्या उघड्या दारातून माझेच टीव्ही युनिट मला दिसले. कार्यालयाचे भाडे आणि थ्रीडी करणाऱ्या मुलाचा पगार मी कुठून द्यायचा? दुकानदाराला गिऱ्हाईक मी आणून देतो, त्याचे पैसे घेण्यात चोरी कसली?

रंधा (नाशिक): चोरी अशी, की जो दुकानदार जास्त कमिशन देतो त्याचाच माल उत्तम ठरतो. आमच्या सिंकखालच्या कपाटाला ७१० (म्हणजे आयएस ७१०, पाण्यात टिकणाऱ्या प्लायचे भारतीय मानक) म्हणून लावलेले प्लाय पहिल्याच पावसाळ्यात फुगले. खालची कड नखाने उचकटली तरी पापुद्रे सुटत होते. आयएस ७१० चे प्लाय ७२ तास उकळत्या पाण्यात टिकायला हवे. उरलेला तुकडा मी पातेल्यात उकळला, तर संध्याकाळपर्यंत त्याचे थर वेगळे झाले.

साइटवाला (कोल्हापूर): घरभर ७१० चा हट्टच मुळात चुकीचा आहे. कोरड्या खोलीतल्या कपाटांना आयएस ३०३ या मानकाचे बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळते पाणी सोसणारे पण ७१० हून खालच्या दर्जाचे, प्लाय पुरते. सिंक गळत असेल आणि कडा उघड्या ठेवल्या असतील, तर दोष प्लायला का देता?

रंधा: सिंक गळत नव्हते! प्लंबरने दोनदा तपासले. न पाहिलेल्या घराबद्दल निकाल देण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

साइटवाला: ठीक आहे, गळत नव्हते असे धरू. मग तुकडा लावण्यापूर्वी उकळायचा होता. माझ्या साइटवर माल उतरला की सुतार आधी कोपऱ्याचा तुकडा कापून उकळायला टाकतो. पास झाल्याशिवाय करवत चालत नाही.

रंधा: ते काम डिझायनरचे होते, आणि नेमके तेच त्यांनी केले नाही, कारण दुकान त्यांचे ठरलेले होते. मी तेवढेच म्हणतो आहे.

ओळंबा (ठाणे): मूळ मुद्द्याकडे येतो. वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आहे, आपल्यासाठी तसा नोंदणीचा कायदा नाही. उद्या कोणीही पाटी लावू शकतो. म्हणून लेखी कराराशिवाय आपल्याला आधार नाही. पहिल्या भेटीत मी फक्त हाताने काढलेले स्केच दाखवतो. मापांसह आराखडा आगाऊ रक्कम जमा झाल्यावरच देतो, आणि दुकानाचे बिल ग्राहकाच्या नावावर निघते.

डोंबिवलीकर: मापे रोखून धरण्याची सूचना पटली, माझी चूक तिथेच झाली. कमिशन पाप आहे हे मात्र मला अजूनही मान्य नाही. ग्राहकाला सांगून घ्यावे, इथपर्यंत मी येतो.

गुण्या: सांगितलेत, तर ग्राहक ते भावातून वजा करायला लावेल, आणि तसे करणे त्याच्या हक्काचे आहे.

डोंबिवलीकर: मग फी ४०,००० सांगावी लागेल. पुढच्या महिन्यात एका टू बीएचकेचे बोलणे आहे. तिथे सांगून पाहतो आणि ते गृहस्थ काय म्हणाले ते येथेच लिहितो.