अमेरिकेतलं मंडळ बंद करायचंय, क्रम काय ठेवावा?

प्रश्न: आमचं छोटं महाराष्ट्र मंडळ ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था आहे. नवी कार्यकारिणी मिळत नाही. शिल्लक सभासदांत वाटली तर चालेल का?

खजिनदारकाका: अजिबात नाही! देणी भागवून उरलेलं दुसऱ्या करमुक्त संस्थेलाच जातं. आर्टिकल्समधलं (संस्थेच्या नोंदणीच्या मूळ दस्तऐवजातलं) विसर्जनाचं कलम बघा. आधी घटनेप्रमाणे ठराव, मग राज्याकडे आर्टिकल्स ऑफ डिसोल्यूशन, म्हणजे विसर्जनाचे कागद. कॅलिफोर्नियात ॲटर्नी जनरलचं (राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याचं) पत्रही लागतं. बँक खातं सर्वांत शेवटी. लोक ते उत्साहाने आधीच मोडतात, मग हॉलच्या अनामत रकमेचा चेक आला की भरायचा कुठे?

हिशेबनीस: आयआरएसला (अमेरिकेच्या करखात्याला) विसरू नका. वार्षिक जमा साधारण ५०,००० डॉलरपर्यंत असेल तर ९९०-एन हे छोटं वार्षिक विवरणपत्र, त्यात संस्था बंद झाल्याची नोंद करायची. ९९० किंवा ९९०-ईझी ही मोठी विवरणपत्रं भरत असाल तर शेड्यूल एन हे संस्था बंद करतानाचं परिशिष्टही. मुदत: बंद झाल्यानंतरच्या पाचव्या महिन्याची १५ तारीख.

प्रश्नकर्ता: आणि ढोल-ताशे, मखर?

खजिनदारकाका: तीही मालमत्ताच. शेजारच्या करमुक्त मंडळाला द्या, पोच घ्या. सभासदाला हवे असतील तर बाजारभावाने विका, पैसे खात्यात. शेड्यूल एनमध्ये वस्तू, किंमत, घेणारा, सगळं लिहावं लागतं, म्हणून यादी आत्ताच करा.