केबलचं लोकल चॅनल ठेवायचं का जाऊ द्यायचं?

राजारामपुरी१२:
घरात फायबर नेट येऊन दोन वर्षं झाली, टीव्ही नेटवरच चालतो, केबलचं बिल नुसतंच भरतोय म्हणून यंदा बंद करायला निघालो तर वडील अडून बसले. वय ७६. म्हणाले बाकीचं काय काढायचं ते काढ, लोकल चॅनल राहू दे. संध्याकाळच्या बातम्या आणि खालून सरकणारी ती पट्टी, कोण गेलं, रक्षाविसर्जन कधी, उद्या कुठल्या भागात पाणी येणार नाही, एवढं बघितल्याशिवाय ते जेवायला बसत नाहीत.

मग मलाच २०१९ चा कोल्हापूरचा पूर आठवला. मोठ्या चॅनलवर दिवसभर तेच ते बोटींचे शॉट, आणि आमच्या लोकल चॅनलवर एक पोरगा रेनकोट घालून पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी सांगत उभा, आत्ता किती फूट किती इंच, कुठला रस्ता बंद. धोक्याची पातळी ४३ फूट आणि पाणी गेलं ५५ च्या वर, शिरोलीजवळ हायवे बंद, पेट्रोल मिळेना. बहीण नदीकडच्या भागात राहते, तिला कधी आणायचं हे आम्ही त्या चॅनलवर बघून ठरवलं.

माझं म्हणणं एवढंच की हे चॅनल केबल कंपनीची मेहेरबानी म्हणून चालू नये, गावाचा हक्क म्हणून चालावं. कंपनी आपल्या गल्लीतनं, आपल्या खांबांवरनं वायरी नेते, त्या बदल्यात रोज काही तास गावाला मोकळे द्यावेत, तिथं कुणीही येऊन बोलावं. तुम्हाला काय वाटतं?

कृष्णाकाठ:
दादा तुमच्या भावना समजतात पण मी सांगलीचा, आणि पुरात जिथं पाणी शिरलं तिथं पहिल्यांदा लाईट गेली. बॉक्स बंद, टीव्ही बंद. आयर्विन पुलाची पातळी आम्ही फोनवरच बघत होतो, ती पण शेजारच्याच्या पॉवर बँकेवर. जो बुडतो त्याच्या उपयोगाचं ते चॅनल नाही.

आणि हक्क कसला? आमच्याकडचं केबलचं जाळं ज्याच्या हातात आहे त्याचा भाऊबंद राजकारणात. निवडणुकीच्या दोन महिने आधी चॅनलवर फक्त त्यांच्याच पदयात्रा, त्यांच्याच वाढदिवसाच्या शुभेच्छा. आमच्या कॉलनीत ओढ्यात कचरा टाकतात म्हणून आम्ही बायाबापड्यांसकट कॅमेऱ्यासमोर उभं राहून बोललो, पोरगं शूट करून घेऊन गेलं, लागलं कधीच नाही. विचारलं तर म्हणे वरून थांबवलंय. अशा चॅनलला मी गावाचं चॅनल म्हणणार नाही, ते मालकाचं चॅनल आहे आणि बंद पडलं तर मला काही वाटणार नाही.

राजारामपुरी१२:
लाईटचं खरं आहे, पण मदत करणारे कोरड्या भागातच होते की, आमच्याकडं लाईट होती म्हणून तर बहिणीला वेळेत आणता आलं. कचऱ्याचं तुम्ही सांगितलं ते वाचून राग आला. पण त्यावर चॅनल बंद पडू देणं हा उपाय कसा? बंद पडलं तर उद्या कचऱ्याबद्दल बोलायला कॅमेरा घेऊन येणार कोण?

हेडएंड:
मी २२ वर्षं केबलच्या धंद्यात आहे, आधी स्वतःचं जाळं होतं, आता नोकरीला. मालकांच्या बाजूने बोलत नाही पण आतलं चित्र माहीत असू दे. ॲनालॉगच्या काळात आमच्यासारखा तालुक्यातला ऑपरेटरसुद्धा स्वतःचं चॅनल चालवायचा, खोलीत एक मॉड्युलेटर, म्हणजे चित्र केबलच्या वायरीत सोडणारं यंत्र, लावायचा, त्याला प्लेअर नाहीतर कॅमेरा जोडायचा, झालं चॅनल सुरू. शाळेचं गॅदरिंग, ग्रामदैवताची जत्रा, कीर्तन, सगळं दाखवलं. रात्री नवे पिक्चर पण लावले लोकांनी, ते चूक होतं, कबूल. मग डिजिटल आलं, मुंबईत २०१२ ला, पुणे, नाशिक, सोलापूरकडं २०१३ ला आणि खेड्यापाड्यात २०१७ ला शेवटची मुदत. आता सिग्नल मोठ्या कंपनीच्या हेडएंडवरूनच, म्हणजे सगळी चॅनलं जिथून सोडतात त्या केंद्रावरूनच, लॉक होऊन येतो, बॉक्सशिवाय उघडत नाही, मध्ये आमचं चॅनल घुसवायला जागाच नाही. चित्र स्वच्छ झालं पण तालुक्यांची चॅनलं त्यात गेली आणि उरली ती जिल्ह्याच्या ठिकाणची. याबद्दल तेव्हा कुणी अवाक्षर काढलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

तालुकाकोर्ट:
वकिली करते म्हणून कायद्याचं सांगते. ३० नोव्हेंबर २०२२ ला केंद्राने केबल कंपन्यांच्या स्वतःच्या चॅनलसाठी नियम काढले, त्यांना प्लॅटफॉर्म सर्व्हिस म्हणतात. नोंदणी फी चॅनलमागे फक्त १,००० रुपये. कंपनी एकूण जितकी चॅनलं दाखवू शकते त्याच्या ५ टक्क्यांपर्यंत अशी चॅनलं आणि वर जिल्हा पातळीवर आणखी ५ टक्के, म्हणजे जागा आहे. स्थानिक बातम्या द्यायच्या तर कंपनी म्हणून नोंदणी हवी आणि कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग ९० दिवस ठेवायचं. कृष्णाकाठ, तुमच्यासारख्यांच्या हातात ही गोष्ट आहे, एकतर्फी किंवा खोटंनाटं दाखवलं तर कार्यक्रम संहितेखाली, म्हणजे केबलवर काय दाखवू नये याच्या नियमांखाली, तक्रार करा, जिल्हाधिकारी, प्रांत, पोलीस आयुक्त हे अधिकृत अधिकारी आहेत. निवडणुकीतल्या जाहिराती केबलवर लावायला आधी प्रमाणित करून घ्याव्या लागतात, तिथंही पकडता येतं. माझ्या मते गावाला तास देण्याची सक्ती वगैरे नको, आहेत ते नियम नीट पाळले तरी खूप झालं.

कृष्णाकाठ:
मॅडम, दाखवलेल्याची तक्रार करता येईल, न दाखवलेल्याची कुठं करू? आमचं बोलणं कापलं, त्याचं रेकॉर्डिंग ९० दिवस काय नि ९० वर्षं काय, ते कधी लागलंच नाही.

हेडएंड:
ह्यांचा मुद्दा बरोबर आहे. आणि मॅडम, कंपनी पाहिजे ही अट छोट्याच्या मुळावर येते, दरवर्षी ऑडिट, सीएची फी, एवढं करून पट्टीवरच्या जाहिराती कोणाच्या तर क्लासेस, साडी सेंटर आणि फ्लॅट विकणे आहे. तेवढ्यावर दोन कॅमेरामन आणि एक निवेदिका पोसायची. मग मालक नेत्याकडंच जाणार ना पैशाला.

मिसिसागाकर:
मी मूळची इचलकरंजीची, १५ वर्षं कॅनडात. राजारामपुरी म्हणतात तसली पद्धत इथं आहे. केबल कंपन्यांनी आपल्या कमाईतला ठराविक हिस्सा कॅनेडियन कार्यक्रमांसाठी द्यायचा असतो आणि त्यातला काही भाग स्वतःच्या कम्युनिटी चॅनलवर घालता येतो. कॅमेऱ्यामागं स्वयंसेवक पण असतात, सिटी काउन्सिलची मीटिंग आणि शाळकरी मुलांची हॉकी टीव्हीवर येते. पण २०१६ ला इथल्या सीआरटीसी या नियामकाने मोठ्या शहरातल्या कंपन्यांना तो पैसा बातम्यांकडे वळवायची मोकळीक दिली आणि पुढच्याच वर्षी टोरांटोच्या आजूबाजूची कम्युनिटी स्टेशनं बंद झाली. म्हणून सांगते, मागायचंच तर तास मागू नका, पैसा आणि तास दोन्ही मागा आणि लिहून घ्या. मेहेरबानी काढून घ्यायला एक सही पुरते.

शाहूस्टेडियम:
एवढं कशाला ओ, यूट्यूब आहे की. आमच्या पेठेतली पोरं फुटबॉलची मॅच दोन मोबाईल लावून लाईव्ह दाखवतात, दुबईतनं लोक बघतात. केबलला पैसे देऊन तेच बघायचं का? कायदा, कंपनी, फी काही नको, ज्याला बोलायचंय त्यानं बोलावं.

राजारामपुरी१२:
मॅच मी पण मोबाईलवर बघतो. पण आमच्या वडिलांना रिमोटवरचा एक नंबर पाठ आहे, तेवढा दाबला की गाव दिसतं, हे यूट्यूबवर होत नाही, तिथं गाव शोधावं लागतं आणि मोबाईल पुढं दुसरंच काहीतरी ढकलतो. आणि मॅचला माणसं येतात, महासभेला कोण मोबाईल लावून बसणार? कोल्हापूरला २०२० च्या नोव्हेंबरपासून कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक सगळं बघत होते, त्या काळात आठवड्यातून एक तास जरी अधिकारी चॅनलवर बसून लोकांचे फोन घेत असते तरी किती फरक पडला असता.

रेडिओचं उदाहरण घ्या, २००६ पासून संस्थांना कम्युनिटी रेडिओ काढता येतो, म्हसवडला माणदेशी महिलांचा आहे, बायका स्वतः बोलतात. टीव्हीला असं काही का नाही? केबल टीव्हीच्या कायद्यात कलम ८ खाली दूरदर्शनची चॅनलं प्रत्येक केबलवाल्याला दाखवावीच लागतात, मग गावाचा एक तास का नाही सक्तीचा? मॅडम, ह्यावर अर्जाचा मसुदा करून द्याल का, आमच्या गल्लीच्या सह्या मी गोळा करतो, वडिलांचीच पहिली.

तालुकाकोर्ट:
मसुदा देते, फी नको. पण मागणी केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे आणि खासदारांकडे करावी लागेल, महापालिकेच्या हातात हे नाही. आणि त्यात कापाकापीचा मुद्दा घालते, आलेलं बोलणं लावलं नाही तर कारण लेखी द्यायचं. कृष्णाकाठ यांचं मला पटलं.

कृष्णाकाठ:
सांगलीतनं सह्या मी आणतो, चॅनलसाठी नाही, त्या लेखी कारणासाठी. आणि तो तास कधी मिळालाच तर पहिला नंबर आमच्या ओढ्याचा लावा. कचरा अजून तिथंच पडतोय.