हिशोब जुळला पण माणसं तुटली, समेट कसा घडवायचा?

कोरी_पाटी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहितेच. थोडं मोठं झालंय, सांभाळून घ्या.

आमचं गाव लहान आहे. सकाळी कुठे आवाज चढला की दुपारपर्यंत घरोघरी पोचतो इतकं लहान. तिथल्या सार्वजनिक हॉलच्या दुरुस्तीसाठी वर्गणी काढली होती, मी समितीची सेक्रेटरी आणि खजिनदार एक निवृत्त काका, गेली ११ वर्षं तेच हिशोब ठेवतात, वहीत, पट्टीने रेघा मारून. चार महिन्यांपूर्वी जमाखर्चात फरक आला. काका म्हणाले दोन दिवस द्या, शोधतो. पण त्याच रात्री समितीतल्या एका सदस्याने गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं की पैसे कुठे गेले ते खजिनदारांनाच विचारा, दरवर्षी हेच होत असणार. मग काय, धडाधड मेसेज, कोणी हसण्याचे इमोजी टाकले, कोणी दहा वर्षांपूर्वीचं काहीतरी उकरून काढलं.

नऊ दिवसांनी पावती सापडली. वायरिंगवाल्याला दिलेला अ‍ॅडव्हान्स वहीत चढवायचा राहिला होता, बस्स एवढंच. मी ग्रुपवर "हिशोब जुळला आहे" असं टाकलं, त्या सदस्याने त्याखाली अंगठ्याचा इमोजी टाकला आणि आम्हाला वाटलं विषय मिटला.

मिटला नाही. काकांनी हॉलच्या किल्ल्या मुलाच्या हाती पाठवून दिल्या, आता ते घराबाहेरच फारसे पडत नाहीत. त्यांच्या बाजूच्या आठ-दहा घरांनी वर्गणी थांबवली, दुसरी बाजू म्हणते चूक तर झालीच होती ना, मग एवढं काय लावून घ्यायचं. छप्पर अर्धवट पडलंय, आणि परवा एका आईने मुलीला मैत्रिणीच्या वाढदिवसाला पाठवलं नाही, कारण मैत्रीण "त्यांच्यातली".

आता समिती म्हणते एक छोटा कार्यक्रम ठेवू, दोघांना स्टेजवर बोलवू, हात मिळवायला लावू, एक फोटो काढू. आणि क्षमेवर दहा मिनिटं मी बोलायचं. मला मनापासून वाटतं की माणसांनी एकमेकांना समजून घ्यावं, माफ करावं. पण लिहायला बसले की शब्दच खोटे वाटतात. काय बोलू? काय केलं तर खरंच फरक पडेल?

पिंपळपान

ताई, आधी तो स्टेजचा बेत रद्द करा. दोनशे लोक बघत असताना काका "नाही" कसं म्हणणार? हात मिळवला तर आतून जळत राहतील आणि नाही मिळवला तर उद्यापासून गावाच्या लेखी तेच आडमुठे. ज्याचा अपमान झाला त्यालाच कोंडीत पकडल्यासारखं आहे हे. एवढंच सांगायचं होतं, बाकी जाणकार सांगतीलच.

वाटसरू

वर लिहिलंय त्याच्याशी शंभर टक्के सहमत. मी बरीच वर्षं शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भांडणांत मध्यस्थीचं काम करतोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, दोघांना एकत्र बसवायची घाई नको. आधी वेगवेगळं भेटायचं, त्यांच्या घरी किंवा ते म्हणतील तिथे, आणि आपण कमीत कमी बोलायचं. मी तीनच प्रश्न विचारतो. काय झालं, त्याचा तुमच्यावर आणि घरच्यांवर काय परिणाम झाला, आणि आता काय झालं तर तुम्हाला थोडं बरं वाटेल. दुसऱ्या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि खरं ते तिथेच बाहेर येतं. एकत्र बैठक घ्यायची ती दोघंही स्वतःहून हो म्हणाले तरच.

एक प्रसंग सांगतो. दोन शेजारी, तीन वर्षं बोलणं बंद, कारण काय तर रात्री दहाला एकाचं लोखंडी गेट धाडकन आपटायचं आणि दुसऱ्याला खात्री की हा मुद्दाम आपटतो. तक्रारी झाल्या, चारचौघात शिवीगाळ झाली. मी गेटवाल्याकडे एकटा जाऊन बसलो, तास-दीड तास गेला, उठायच्या वेळी त्याने नुसता हात पुढे केला, बोटं सांध्यांपाशी सुजलेली, वाकडी झालेली. कडी पकडताच येत नव्हती त्याला, म्हणून खांद्याने ढकलून गेट लावायचा. सांगायची लाज वाटत होती. त्याच्या परवानगीने मी हे पलीकडे सांगितलं तर तो माणूस बराच वेळ गप्प बसला, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः पाने-पक्कड घेऊन आला आणि लांब दांड्याची कडी बसवून दिली. क्षमा हा शब्द दोघांपैकी कोणी उच्चारला नाही.

दुसरं असं की नुकसान ज्याने केलं त्याने समोर जाऊन उभं राहणं, याला खरंच ताकद असते. १९७४ साली कॅनडात ऑन्टारियोमधल्या एल्मायरा नावाच्या छोट्या गावात दोन तरुणांनी दारूच्या नशेत एका रात्रीत २२ ठिकाणी तोडफोड केली, गाड्यांची टायरं कापली, खिडक्या फोडल्या. त्यांच्या केसवरच्या प्रोबेशन ऑफिसरने जजला सुचवलं की यांना त्या लोकांच्या दारात जाऊ द्या. जज आधी तयार नव्हते, पण शेवटी हो म्हणाले. मग ती दोघं खरोखर एकेक दार वाजवत गेली, आम्हीच केलं म्हणून कबूल केलं, नुकसान किती झालं ते विचारलं आणि पुढच्या काही महिन्यांत भरपाईही दिली. आज जगभर गुन्हेगार आणि पीडित यांना समोरासमोर बसवण्याचे जे उपक्रम चालतात त्यांची सुरुवात या प्रसंगापासून मानतात. न्यूझीलंडने तर १९८९ मध्ये अल्पवयीन मुलांच्या गुन्ह्यांसाठी दोन्हीकडच्या माणसांना एकत्र बसवणारी पद्धत कायद्यातच आणली. एल्मायरात त्या मुलांना स्टेजवर नेलं नव्हतं हे लक्षात घ्या, दारात नेलं होतं.

निळी_शाई

मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

अशा भांडणात माफ करा माफ करा हे नेहमी गप्प बसणाऱ्यालाच का सांगतात? माझ्या आईवर एकदा असाच आळ आला होता, खोटा निघाला, आणि त्यानंतर घरी येणारा प्रत्येक जण तिलाच सांगायचा की तू समजूतदार आहेस, सोडून दे, मन मोठं कर. ज्याने आळ घेतला त्याच्या घरी यातला एकही जण गेला नाही, कारण तो तोंडाळ होता आणि आई शांत. ती माणसं वाईट नव्हती, पण त्यांना भांडण मिटायला हवं होतं, आईला काय झालंय ते कोणाला ऐकायचं नव्हतं. आई म्हणायची, मला रडूसुद्धा देत नाहीत ही लोकं.

क्षमेवर आयुष्यभर संशोधन केलेले मानसशास्त्रज्ञ आहेत, रॉबर्ट एनराइट, विस्कॉन्सिन विद्यापीठातले, ते हे अगदी स्पष्ट वेगळं काढतात. माफ करणं म्हणजे झालं ते बरोबर होतं असं म्हणणं नाही, विसरणं नाही, आणि परत पूर्वीसारखे संबंध जोडणंही नाही. माफी एकटा माणूस त्याच्या वेळेने देऊ शकतो. समेटाला मात्र दोघं लागतात आणि विश्वास परत मिळवावा लागतो. तुमच्या समितीला या तिन्ही गोष्टी एका संध्याकाळी हव्यात.

वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या दक्षिण आफ्रिकेतल्या सत्य आणि सलोखा आयोगाचं उदाहरण सगळे देतात, आर्चबिशप डेस्मंड टुटू अध्यक्ष होते, त्यांचा क्षमेवर प्रचंड भर होता. पण १९९५ च्या ज्या कायद्याने तो आयोग आला त्यात पीडितांनी माफ केलंच पाहिजे अशी अट नव्हती. अट होती ती अत्याचार करणाऱ्यांना. कारवाईतून सूट हवी असेल तर केलंय ते सगळं, काहीही न लपवता, सांगायचं. सात हजारांहून जास्त लोकांनी अर्ज केले आणि बहुतेकांचे फेटाळले गेले. नावातसुद्धा सत्य आधी आहे बघा. तुमच्याकडे सत्य काय सांगितलं गेलं तर "हिशोब जुळला आहे". त्यात काका निर्दोष होते हे कुठे आहे?

शब्दशः

निळी_शाई, शेवटची ओळ अगदी वर्मावर बोट ठेवणारी आहे. त्यालाच जोडून एक. त्या सदस्याने माफी मागायची तयारी दाखवली तर ती कशी असावी यावर आधी बसून बोला, कारण बहुतेक माफ्या एका शब्दाने वाया जातात. "जर कोणाला वाईट वाटलं असेल तर" यातला जर, आणि "माझं चुकलं पण" यातला पण. जर म्हटलं की वाईट वाटणं हाच काकांचा दोष होतो, आणि पण म्हटलं की माफी तिथेच संपते आणि वकिली सुरू होते.

साधं हवं. अमुक रात्री मी ग्रुपवर असं लिहिलं, माझ्याकडे काही पुरावा नव्हता, ते खोटं होतं, त्यामुळे काकांना आणि त्यांच्या घरच्यांना चार महिने मान खाली घालायला लागली, ही माझी चूक. आणि हे त्याच ग्रुपवर, काकांना घरी जाऊन भेटल्यानंतर आणि त्यांना आधी वाचून दाखवून. आळ सगळ्यांसमोर घेतला आणि माफी बंद खोलीत मागितली तर गावाच्या डोक्यात आळच शिल्लक राहतो. आणि प्लीज, त्याच दमात "मला माफ करा" असं मागायचं नाही, ते द्यायचं की नाही आणि कधी ते काकांना ठरवू दे.

उंबरठा

सगळं पटलं, पण एका माणसाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. तो सदस्य.

त्याने केलं ते चूकच, त्यात दुमत नाही. पण पावती सापडली त्या दिवशी तो कुठल्या तोंडाने पुढे येणार होता, त्याला परत फिरायला वाट कोणी ठेवली होती का? लाज फार वाटली की माणूस आणखी ताठ होतो, हे आपण सगळ्यांनी घरात पाहिलेलं असतं. आता त्याच्या बाजूची घरं त्याला चढवून ठेवतायत आणि त्याला ते सोडून खाली उतरता येत नाहीये. कोणीतरी त्याच्याकडेही जाऊन बसा. तुला इतका संशय का आला, एवढंच विचारा, उलटतपासणीच्या सुरात नको. कदाचित त्याचे पैसे पूर्वी कुठेतरी बुडाले असतील, कदाचित काहीच नसेल, नुसता राग असेल. कारण समजलं म्हणून दोष पुसला जात नाही, पण त्याच्याशी बोलायला सुरुवात तरी होते.

आणि काकांनी माफ करायचं ठरवलं तरी लगेच मोकळं वाटेल अशी अपेक्षा धरू नका. एव्हरेट वर्दिंग्टन म्हणून अमेरिकेतले संशोधक आहेत, ते क्षमेवर आधीपासून काम करत होते आणि त्याच काळात त्यांच्या आईचा घरात घुसलेल्या चोराकडून खून झाला, म्हणजे या माणसाला विषय जवळून माहीत आहे. ते दोन वेगळ्या क्षमा सांगतात. एक ठरवून केलेली, की मी याचा सूड घेणार नाही, याच्याशी माणसासारखा वागेन. दुसरी मनातली, कडवटपणा हळूहळू कमी होत जाण्याची, तिला कितीही दिवस लागतात. गावाला पहिलीसुद्धा पुरेशी आहे.

कोरी_पाटी

सगळ्यांचे मनापासून आभार, एकेक उत्तर दोनदा वाचलं. कार्यक्रम रद्द करायला लावला, समितीत त्यावरून बोलणीही खाल्ली.

शनिवारी काकांकडे गेले होते. वाटसरूंचे तीन प्रश्न कागदावर लिहून नेले होते, ते काढावेच लागले नाहीत. काकांनी कपाटातून वही काढली आणि मला ते पान दाखवलं. अ‍ॅडव्हान्सची ओळ त्यांनी नंतर लाल शाईने भरली होती, शेजारी तारीख आणि सही. म्हणाले ११ वर्षांत हे एकच पान लाल आहे. मग म्हणाले, तो एक बोलला त्याचं मला इतकं नाही, तो रागीटच आहे. पण त्या रात्री मी ग्रुप बघत बसलो होतो, एक वाजेपर्यंत, कोणीतरी लिहील की थांबा, दोन दिवस मागितलेत त्यांनी. ८६ जण आहेत ग्रुपवर.

त्या ८६ मध्ये मी होते. काकांनी दोन दिवस मागितले ते माझ्याकडेच मागितले होते, म्हणजे ते लिहू शकणारी पहिली मीच होते. मेसेज वाचत होते, वाद नको म्हणून फोन बाजूला ठेवून झोपले. इथे पहिल्या पोस्टमध्ये हे मी लिहिलंच नव्हतं, मला तेव्हा ते माझ्याशी संबंधित वाटलंच नव्हतं. क्षमेवर भाषण मी करणार होते.

त्यांना तिथेच सांगितलं. ते काही बोलले नाहीत, वही मिटून मांडीवर घेऊन बसले. घरी आल्यावर शब्दशः यांनी सांगितलं तसं लिहून काढलं, जर आणि पण शोधून खोडले, काकांना फोनवर वाचून दाखवलं आणि ग्रुपवर टाकलं, की काकांनी दोन दिवस मागितलेत हे त्या रात्री मला माहीत असून मी गप्प बसले, आणि काका पूर्णपणे निर्दोष होते. तासाभराने आणखी दोघांनी स्वतःहून लिहिलं की हसण्याचे इमोजी आम्ही टाकले होते, आमची चूक झाली. त्या सदस्याने अजून काही लिहिलेलं नाही. त्याच्याकडे उद्या संध्याकाळी जातेय, एकटीच, उंबरठा यांनी म्हटलं तसं नुसतं विचारायला.

काकांचा आज सकाळी मेसेज आला. हॉलच्या किल्ल्या सध्या कोणाकडे आहेत, एवढंच विचारलंय.