प्रश्नच युरोपातून आले असतील तर?

आफ्रिकेतल्या सेमिनरींना, म्हणजे ख्रिस्ती पाळक (धर्मगुरू) घडवणाऱ्या संस्थांना, चांगली ग्रंथालयं दिली की ईश्वरविद्येचं शिक्षण सुधारेल, असं एक मत आहे. ग्रंथालयं हवीतच, पण त्यातली पुस्तकं कोणाच्या प्रश्नांना उत्तरं देतात? देव आहे का, चमत्कार खरे मानायचे का, हे आधुनिक युरोपचे प्रश्न. घाना-केनियातल्या खेड्यातल्या ख्रिस्ती मंडळीत ते सहसा कुणाला पडत नाहीत. तिथे विचारतात, की वारलेल्या आजोबांशी आपलं नातं आता काय? चेटकीण ठरवून एखाद्या बाईला गावाबाहेर काढलं, तर पाळकाने काय करायचं? परदेशी पदवी घेऊन आलेला पाळक इथेच अडखळतो.

केनियाचे धर्मचिंतक जॉन म्बिटी स्वतः केंब्रिजचे डॉक्टरेट, पण युगांडातल्या मकेरेरे विद्यापीठात शिकवताना त्यांनी आफ्रिकी धर्मपरंपराच अभ्यासाच्या केंद्रस्थानी आणल्या. घानाचे धर्मचिंतक क्वामे बेडियाको तर मातृभाषेतूनच धर्मविचार व्हावा म्हणून आयुष्यभर झटले. १९८७ मध्ये घानातल्या अक्रोपाँगला त्यांनी त्यासाठी संस्था उभारली. (प्राचीन ख्रिस्ती धर्मचिंतक ऑगस्टीनही आजच्या अल्जीरियातला, हे किती अभ्यासक्रमांत ठळकपणे सांगतात?)

फक्त 'आफ्रिकी' म्हटलं की सगळं साधलं, असंही मी मानत नाही. वैधव्याच्या जाचक रूढींवर घानाच्या धर्मचिंतक मर्सी अंबा ओडुयोये यांनी बोट ठेवलं, आणि १९८९ मध्ये आफ्रिकी स्त्री-धर्मचिंतकांचं मंडळ सुरू केलं. त्यांचं लेखन पहिल्या वर्षापासून शिकवायला हवं.