काळं नख आणि दुखरं नख
नखाखालचा काळा डाग म्हणजे मार लागून साकळलेलं रक्त, नख वाढलं की निघून जातं, असं सगळे म्हणतात. खरं आहे, पण तो सरकतोय का हे बघा ना! हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिमी वाढतं. डाग जागचा हलत नसेल, एकाच नखावर नवी रेघ येऊन रुंद होत असेल किंवा काळेपणा बाजूच्या कातडीवर उतरत असेल, तर मेलॅनोमाची (त्वचेच्या एका कर्करोगाची) शंका धरून त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावं. तिथला छोटा तुकडा काढून तपासल्याशिवाय नक्की कळत नाही.

पण नखाखालची गाठ काळीच असते असं नाही. आमच्या काकूंना हिवाळ्यात सकाळी कापूस वेचताना अंगठ्यात जीवघेणी कळ यायची; नख वरून धड. नखुरडं समजून लिंबूही घालून झालं. शेवटी यवतमाळात एका डॉक्टरांनी टाचणीच्या डोक्याने नख दाबत नेलं, एका बिंदूवर काकू किंचाळल्या. मग दंडाला बीपीचा पट्टा फुगवून रक्त अडवलं आणि नखावर त्याच बिंदूला दाबलं, तर दुखणं गायब! ग्लोमस ट्यूमर, म्हणजे साधी, कर्करोग नसलेली गाठ. एमआरआयने जागा पक्की करून काढली. आधीचा एक्स-रे मात्र नॉर्मल होता.